शोभाबाईचा संशय

शोभाबाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दगा आप्पांनी भरल्या बैठकीत पोथी म्हणून खुनाची कादंबरी वाचली, आणि दीड पान होईपर्यंत कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही. माणसं हात जोडून ऐकत होती. दोन-तीन बायांनी तर डोळ्यांना पदरही लावला.

चूक आप्पांची म्हणावी तर तशी नाही. शहाद्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्या गावात कोणाच्या घरचं माणूस गेलं की दहा दिवस दुपारी चारला पोथी लागते, आणि पोथी वाचायला भाऊबंदांतले दगा आप्पाच लागतात. वय पंचाहत्तर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, पण आवाज अजून खणखणीत. समोर ठेवाल ते एका चालीत वाचून काढतात. अर्थाकडे लक्ष द्यायची त्यांना सवय नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांनाही नाही. ओसरीतल्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेली पोथी असते एवढं आप्पांना ठाऊक होतं. तिथे लाल फडक्यात बांधलेल्या दोन वस्तू असतील असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी वस्तू शोभाबाईची. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूला पुस्तकांचं भारी वावडं. बाईमाणसाच्या हातात गोष्टींचं पुस्तक आलं की घर बसलंच, असं म्हातारीचं ठाम मत होतं. म्हणून शोभाबाई शहाद्याच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक फडक्यात बांधून पोथीशेजारी ठेवायची, दुपारी ते मांडीवर घेऊन भिंतीला टेकायची, आणि म्हातारी सुनेची भक्ती बघून शेजारणींना सांगत फिरायची. म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली, तरी फडकं काही सुटलं नाही. दर आठवड्याला एसटीने शहाद्याला जायचं, दोन पुस्तकं बदलून आणायची, त्यातलं एक तरी खुनाचं. खुनाशिवाय बाईला करमतच नसे.

तर आप्पांनी खुणेचं पान उघडलं आणि सुरू केलं. ‘त्या वेळी तुम्ही कुठे होता? खरं बोला, इथे काहीही लपून राहत नाही.’ पोथीतही मेलेल्या माणसाची अशीच झडती होते, तेव्हा लोक माना डोलवत राहिले. पुढे कोणीतरी पाणी मागितलं, मिळालं नाही. एका माणसाने पाप कबूल करायला नकार दिला. तेही खपून गेलं. मग आप्पांनी त्याच सुरात ‘इन्स्पेक्टरसाहेबांनी सिगारेट पेटवली’ असं म्हटलं, तेव्हा शेजारच्या कौसाबाईने जोडलेले हात सोडले.

“हाऊ सिगारेट पेनारा कोण शे, आप्पा?” ती म्हणाली.

मग जी काही धांदल उडाली ती विचारू नका. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुस्तकाची पाठ-पोट बघितली आणि घाम पुसला. कोणी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेलं. एकाने अपशकुनाची गोष्ट काढली. आप्पा पुस्तक मिटून खऱ्या पोथीकडे हात नेत होते, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “ऱ्हाऊ द्या आप्पा. तेच वाचा.”

तो गोकुळ होता, शोभाबाईचा नवरा. तीन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. कारखान्यात उसाच्या काट्यावर तेहेतीस वर्षं कारकुनी केलेला, सहा वर्षांपूर्वी रिटायर झालेला माणूस. मुलगा नाही, एकच लेक, म्हणून अग्नी त्यानेच दिला होता. डोक्याचा चकोट झालेला, घोंगडीवर वेगळा बसलेला, जेवणाचं ताटही वेगळं. आणि त्याला रडू आलं नव्हतं. सरण पेटलं तेव्हा नाही, राख सावडताना नाही, लेक सुरतहून येऊन हंबरडा फोडून रडली तेव्हाही नाही. गाव अशा गोष्टी बारकाईने बघतं. काहींनी धक्का बसलाय म्हटलं, काहींनी त्याला पहिल्यापासून बायकोचं काही नव्हतंच म्हटलं. त्याला स्वतःला काहीच म्हणायचं नव्हतं. आत हात घालून बघितलं तरी हाताला काही लागत नव्हतं. चहा समोर आला की प्यायचा, कोणी उठ म्हटलं की उठायचं.

एकच गोष्ट डोक्यात अडकून बसली होती, आणि ती या पुस्तकाची होती.

ज्या दिवशी ती गेली, त्या दुपारी जेवायला वाढता वाढता शोभाबाई नेहमीसारखी बोलत होती. या पुस्तकातल्या रावसाहेबाला विष घालून मारलंय, घरात पाच माणसं आहेत, इन्स्पेक्टर बावळट आहे, वगैरे. जेवताना रोज एका पुस्तकाची गोष्ट सांगायची हा तिचा शिरस्ता, आणि गोकुळचा शिरस्ता ‘हं’ म्हणायचा. त्या दिवशी ती भाकरी वाढताना थांबली आणि म्हणाली, “माले समजी गयं, कोणी मारं ते.” मग तिने नाव सांगितलं. का, तेही सांगितलं. चांगली पाच मिनिटं बोलली. गोकुळ ‘हं’ म्हणाला, हात धुतले आणि निघाला, कारण मारुतीच्या पारावर वाहरूबरोबर लावलेला बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता.

तो डाव त्याला आजही लख्ख आठवत होता. वजीर कोंडला गेला होता. घोडा देऊन सोडवावा की उंट मध्ये घालावा, या विचारात तो जेवला. ताटात डुबुकवड्या होत्या, कळण्याची भाकरी होती, कांदा फोडलेला होता, हेही आठवत होतं. फक्त बायकोने सांगितलेलं नाव आठवत नव्हतं. चारच्या सुमारास कौसाबाई ताक मागायला आली तेव्हा शोभाबाई भिंतीला टेकलेली होती, पुस्तक मांडीवर, खुणेची पट्टी त्याच पानात. डॉक्टर म्हणाले झटका आला, काही कळलंही नसेल. म्हणजे माणसाशी ती शेवटचं जे काही बोलली ते गोकुळशी, आणि गोकुळने ते ऐकलं नव्हतं.

आता याला काय म्हणाल? कोणाला सांगण्यासारखं नाही. सांगितलं तरी माणसं म्हणतील, अरे एका पुस्तकातलं नाव, त्यात काय एवढं. म्हणून तो गप्प होता.

आप्पांनी तेच वाचायला साफ नकार दिला. शेवटी कौसाबाईनेच तोड काढली. आधी पोथीचा एक अध्याय, देवाचं देवाला, मग शोभाच्या पुस्तकाची आठ-दहा पानं, तिचं तिला. अर्धं राहिलेलं मनातलं काही असलं तर जीव घुटमळतो म्हणतात, ते पुरं करून द्यावं. या म्हणण्यापुढे कोणाचं चालेना. दहाव्यापर्यंत पुस्तक संपतं असा हिशेब आप्पांनी पानं मोजून काढला, आणि ठरलं.

पण नवा पेच असा की बैठकीला मागचं काही माहीत नव्हतं. खूण होती एकशे ब्याऐंशीव्या पानावर. रावसाहेब कोण, त्याला मारून कोणाचं भलं होणार, काही उलगडेना. तेव्हा गोकुळने चौथ्या दिवशी सकाळी पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसला. आयुष्यभर काट्याच्या पावत्या आणि पेपर, याखेरीज त्याने काही वाचलेलं नव्हतं. ओळीखाली बोट धरून वाचायचा. दुपारी बैठक जमली की अध्याय संपल्यावर सगळे त्याच्याकडे बघायचे, आणि तो त्या दिवशी वाचलेलं अहिराणीत सांगायचा; मग आप्पा खुणेपासूनची पानं पुढे वाचायचे. पुण्याचा बंगला, रावसाहेब, त्याचा उधळ्या पुतण्या, घरचा डॉक्टर, कारभारी, स्वयंपाकीण आणि रावसाहेबाची आंधळी बहीण अक्का. सांगताना आवाजात चढउतार नाही, चेहऱ्यावर काही नाही. तरी लोक ऐकत होते, कारण गोष्टच तशी होती. सहाव्या दिवसापर्यंत ओसरी पुरेना. परगावचे सोयरे, घटकाभर टेकून जाणारे, पुढचं उद्या कळेल म्हणून मुक्काम करू लागले, आणि घरात दूध कमी पडायला लागलं.

तो स्वतः मात्र गोष्टीसाठी वाचत नव्हता. नाव आलं की तो थांबायचा. पुतण्या. ओठांवर घोळवून बघायचा, शोभाच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न करायचा. काही नाही. कारभारी. काही नाही. डॉक्टर. त्या दुपारी ती डॉक्टर म्हणाली होती का? म्हणाली असेल. पाचही नावं सारखीच अनोळखी वाटायची, आणि पाचही तिने घेतली असतील असं वाटायचं. वाचता वाचता तिचं काहीतरी सापडेल, एखादी घडी, एखादी पेन्सिलीची रेघ, म्हणून त्याने पानं उन्हात धरून बघितली. शोभाबाईला पुस्तकावर रेघा मारणाऱ्यांची चीड होती. पानं कोरी होती.

त्याने वाहरूलाही विचारलं. वाहरू कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, तेव्हापासूनचा खेळगडी. पोथीला रोज येऊन दाराजवळ बसायचा आणि वाचन संपलं की न बोलता निघून जायचा. पाचव्या दिवशी गोकुळने त्याला थांबवून विचारलं की त्या दुपारी पारावर मी कोणाचं नाव घेतलं होतं का, शोभाने सांगितलेलं काही बोललो होतो का. वाहरूने बराच वेळ आठवून बघितलं. मग म्हणाला की नाही आण्णा, तुम्ही फक्त वजिराचंच बोलत होता. आणि आपल्याला विचाराल तर मारणारा डॉक्टर आहे, कारण त्याच्याकडे कोणी बघतच नाही. गोकुळने मान हलवली.

कौसाबाईला विचारलं तर ती ओशाळली. शोभा तिलाही सकाळी काहीतरी सांगत होती म्हणे, त्या पुस्तकाचंच, पण ती तांदूळ निवडत होती आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज चालू होता. तिनेही ऐकलं नव्हतं. गोकुळला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही. असे दिवस चालले होते त्याचे.

बैठकीत मात्र आता पैजा लागत होत्या. बाया कारभाऱ्याच्या बाजूने, जुने लोक पुतण्याच्या, कारण पुतणे तसेच असतात यावर त्यांचं एकमत होतं. दगा आप्पा सुरुवातीला नाक मुरडायचे, पण आठव्या दिवशी त्यांनी पोथीचा अध्याय इतक्या भरधाव वाचला की कौसाबाईने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. सगळ्यांचं एक मात्र ठरलेलं होतं. शोभाबाईने नक्की ओळखलं असणार. चाळीस वर्षं खुनाची पुस्तकं वाचलेली बाई, तिच्या नजरेतून सुटणार कोण?

नवव्या दिवशी शेवटची बारा पानं राहिली. दहाव्याला सकाळी नदीवर जायचं होतं, म्हणून आप्पांनी ती बाराही वाचून टाकायची ठरवली. ओसरी, अंगण, समोरचा ओटा भरलेला. लेक जागृती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, एकेकाला संशयातून सोडवत आणलं, आणि शेवटून तिसऱ्या पानावर कळलं की डॉक्टर. औषधाच्या बाटलीत त्यानेच विष घातलं होतं. एकदम गलका झाला. वाहरू दाराजवळ नुसता बसून राहिला, पण त्याचे कान लाल झालेले दिसत होते. आप्पांनी उरलेली दोन पानं वाचली, पुस्तक मिटलं आणि सवयीने त्याला डोकं टेकवलं.

मग कौसाबाई गोकुळकडे वळली. तिचा हेतू चांगलाच होता बिचारीचा. ती म्हणाली की गोकुळभाऊ, शोभाने डॉक्टरच सांगितला असेल ना? तुम्हाला तर ती सगळं सांगायची.

सगळ्यांना ‘हो’ ऐकायचं होतं, आणि ‘हो’ म्हणायला काय लागतं? एक शब्द. तो म्हटला की शोभाबाईचं नाव राहत होतं, तिच्यासारखी हुशार बाई नव्हती असं गावात वर्षभर बोललं गेलं असतं, आणि नवरा-बायकोचं किती जमत होतं हेही. गोकुळने तोंड उघडलं ते ‘हो’ म्हणायलाच.

“तिनी माले सांगं व्हतं,” तो म्हणाला. “मी आयकं नही.”

आप्पा चष्म्याची काडी चाचपत राहिले. एका कोपऱ्यातल्या बाईने आपल्या नवऱ्याकडे बघितलं, मग दुसरीनेही आपल्या. नवऱ्यांनी जमिनीकडे बघितलं. कौसाबाई चहाचं बघते असं पुटपुटत उठली, आणि तिच्यामागे एकेक करून माणसं उठायला लागली.

तेव्हा जागृती चौकट सोडून पुढे आली आणि घोंगडीपासून हातभर अंतरावर खाली बसली.

“आण्णा, माले म्हाईत शे,” ती म्हणाली. “आईनी त्याच दुपारले फोन करा व्हता.”

गोकुळ तिच्याकडे बघत राहिला. नऊ दिवस लेक याच घरात होती. त्याने पारावरच्या गड्याला विचारलं, शेजारणीला विचारलं, लेकीला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. लेकीशी बोलायचं ते आईनेच, हे घरात इतकं मुरलेलं होतं. फोन आला की तो शोभाकडे, आणि शेवटी त्याच्या कानाला लावला तर ‘बरी आहेस ना’ एवढं. आणि लेकीलाही वाटलं होतं की आण्णांना ठाऊक आहे, आईने सांगितलेलं ते मनात धरून आहेत, सगळ्यांची मजा जाऊ नये म्हणून बोलत नाहीत. म्हणून तीही गप्प राहिली होती.

तिने सांगितलं, आईचा संशय अक्कावर होता. आंधळ्या बहिणीवर. आईचं चुकलं.

गोकुळने डोळे मिटले. नऊ दिवस तो या क्षणाची वाट बघत होता. नाव कानावर पडलं की ती दुपार परत येईल, ती भाकरी हातात घेऊन उभी राहिलेली दिसेल, तिचा आवाज ऐकू येईल, असं त्याने धरून ठेवलं होतं. अक्का. अक्का. त्याने वाट बघितली. डुबुकवड्या आल्या, फोडलेला कांदा आला, कोंडलेला वजीर आला. शोभाचा आवाज आला नाही. जे कानात शिरलंच नव्हतं ते परत कुठून येणार, हे त्याला त्या वेळी कळलं.

त्याने डोळे उघडले. मग लेकीला, बहुधा तिच्या जन्मापासून पहिल्यांदा, त्याने पुढचा प्रश्न विचारला.

“तिले तसं का बरं वाटनं?”

जागृतीने मान खाली घातली. सांगावं की नाही असं तिचं झालेलं दिसत होतं.

“आई म्हने,” ती म्हणाली, “आख्खा पुस्तकमा ती अक्का काही ना काही बोलत ऱ्हास, आनि तिले कोणीच उत्तर देस नही. आई म्हने, मी व्हतू त्या घरमा, ते मीच मारं असतं. मंग हासनी. खूप येळ हासनी.”

आत भांड्यांचा आवाज होत होता. कोणीतरी अंगणात चपला शोधत होतं. गोकुळने पुस्तकाकडे बघितलं. अक्का त्याने वाचली होती, बोट धरून, प्रत्येक पानावर. खिडकी लावा रे कोणी. आज वारा पडलाय. रावसाहेबांचा चहा गार झाला वाटतं. आणि प्रत्येक वेळी ती ओळ ओलांडून तो पुढे गेला होता, कारण तिच्यात खुनाचं काही नव्हतं.

लेकीला वाटलं, आता त्याला रडू येईल. तिने हात पुढे केला, मग आठवलं की दहाव्यापर्यंत त्याला शिवायचं नाही, आणि मागे घेतला. रडू आलं नाही. दुःख येईल म्हणून तोही वाट बघत होता. आली ती लाज, कानशिलं तापवणारी, चांगली जिवंत लाज, आणि नऊ दिवसांत त्याला आत काहीतरी लागलं ते हेच.

कौसाबाई चहा घेऊन आली तेव्हा बापलेक तसेच बसले होते. तिने कप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली की पाऊस येईलसं दिसतंय, अंगणातल्या सतरंज्या उचलायला हव्यात.

“हो वहिनी,” गोकुळ म्हणाला. “ढग शेतस खरं. जागृती, उचल बरं त्या.”

आणि कौसाबाई, जी चाळीस वर्षं त्याच्या घरात येत-जात होती आणि जिला त्याने कधी ‘हं’पलीकडे उत्तर दिलं नव्हतं, ट्रे हातात धरून जरा वेळ तिथेच उभी राहिली.